कपलर आवळायला कॉर्डलेस इम्पॅक्ट रेंच: टॉर्क कसा राखायचा?

लेजर_लेव्हल

नमस्कार मंडळी,

ट्यूब-कपलरच्या परांचीसाठी (कपलर म्हणजे दोन पाइप जोडणारी नट-बोल्टची पकड) कॉर्डलेस इम्पॅक्ट रेंच घ्यायचा विचार चालू आहे. १८ व्होल्टचा, १/२ इंची चौकोनी टोकाचा. आत्तापर्यंत सगळं काम हातपान्यावर चालतं. पाइप ४८.३ मिमी बाहेरच्या व्यासाचे, पण जाडी मिसळ: काही ३.२ मिमी, काही ४ मिमी. कपलरही मिसळ, फोर्ज केलेले आणि पत्रा दाबून केलेले दोन्ही. नट बहुतेक २२ मिमीचे, जुन्या मालात २१ चे.

अडचण अशी की कपलरला ५० न्यूटन-मीटर टॉर्क (आवळण्याचा पीळ) लागतो आणि यंत्रांवर ३००, ६००, काहींवर हजारसुद्धा लिहिलेलं असतं. फिटर मंडळींचं म्हणणं, ट्रिगर हलका दाबला की झालं. मला ते पटत नाही, पण मग नेमकं काय करायचं? कोणतं यंत्र पुरेल, सेटिंग कसं बसवायचं, आवळून झाल्यावर तपासायचं कसं? उंचीवर यंत्र, बॅटरी, सॉकेट (नटावर बसणारी टोपी) सांभाळण्याबद्दलही ज्यांना माहीत आहे त्यांनी सविस्तर लिहावं.

---

पाना_पन्नास

लेजर_लेव्हल, तुमची शंका बरोबर आहे. ट्रिगर हलका दाबून टॉर्क राखता येत नाही. ट्रिगर फक्त वेग बदलतो, आणि बोटाचा दाब सकाळी एक असतो, दुपारी दुसरा. दोन माणसांचा तर कधीच सारखा नसतो.

आधी यंत्र आत काय करतं ते बघू, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. नट मोकळा फिरतोय तोवर इम्पॅक्ट रेंच साध्या ड्रिलसारखा फिरतो. प्रतिकार वाढला की आतला हातोडा स्प्रिंगवर मागे सरकतो, सुटतो आणि ऐरणीच्या कानांवर आदळतो. पूर्ण वेगाला मिनिटाला तीन-चार हजार ठोके पडतात, म्हणजे सेकंदाला ५० च्या पुढे. प्रत्येक ठोक्याला नट थोडा सरकतो. टॉर्क असा ठोक्याठोक्याने चढत जातो आणि किती वेळ ठोकलं यावर तो ठरतो. खोक्यावरचा ३०० चा आकडा हा मोठ्या, कडक बोल्टवर काही सेकंद ठोकल्यावरचा कमाल आकडा आहे. तुमच्या कपलरवर पहिल्या सेकंदात किती येईल हे त्यावरून कळत नाही.

दुसरी बाजू कपलरची. कपलर हा मऊ जोड आहे. दोन जाड प्लेटा बोल्टने आवळल्या तर नट टेकताच टॉर्क एकदम चढतो. कपलरमध्ये झाकण बिजागरीवर फिरतं, पाइपला कवेत घेतं, पाइप किंचित दबतो, झाकण किंचित वाकतं. त्यामुळे सुरुवातीचे ठोके या बसण्यातच खर्च होतात. गंजका कपलर आणि नवा कपलर यांना त्याच एका सेकंदात वेगळा टॉर्क मिळतो तो याचमुळे. पाइप ३.२ चा की ४ चा यानेही फरक पडतो.

आता ५० का? ईएन ७४-१ या कपलरच्या युरोपीय मानकाप्रमाणे स्क्रूच्या कपलरची चाचणी ५० न्यूटन-मीटरवर आवळून होते. काटकोनी कपलरची घसरण्याची ताकद ए वर्गाला १० किलोन्यूटन आणि बी वर्गाला १५ किलोन्यूटन धरतात, ती याच आवळणीवर. आराखड्यात सुरक्षा गुणक १.६५ धरला तर वापरता येतात अनुक्रमे सुमारे ६.१ आणि ९.१ किलोन्यूटन. आवळणी २५ वर राहिली तर पकडही साधारण निम्म्यावर येते आणि गुणकाने ठेवलेली सगळी जागा तिथेच संपते. उलट १०० केली म्हणून आराखड्यात ताकद दुप्पट धरता येत नाही. हातपान्याच्या भाषेत ५० म्हणजे २५ सेंमी लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण २० किलोचा जोर.

जास्त आवळलं तर काय होतं ते आकड्यांत मांडतो. एम१४ (१४ मिमीचा) बोल्ट, कोरडे आटे, घर्षणाचा ढोबळ गुणांक ०.२ धरा. ५० न्यूटन-मीटरला बोल्टमध्ये ओढ येते सुमारे १८ किलोन्यूटन. एम१४ चं ताणक्षेत्र ११५ चौ. मिमी, म्हणजे ताण साधारण १५५ मेगापास्कल. ८० न्यूटन-मीटरला तोच ताण २५० च्या आसपास जातो. ४.६ ग्रेडचा मऊ बोल्ट २४० ला कायमचा लांबायला लागतो. म्हणजे साध्या बोल्टला ५० आणि नुकसान यांच्यात फक्त ३० न्यूटन-मीटरचं अंतर आहे, आणि मोठं यंत्र ते डोळ्याची पापणी लवायच्या आत ओलांडतं.

म्हणून यंत्र निवडताना सगळ्यात मोठा आकडा शोधू नका. १०० ते ३०० न्यूटन-मीटरच्या गटातलं, ब्रशलेस मोटरचं, कमीत कमी तीन वेग असलेलं आणि सर्वांत खालचा वेग खरोखर हळू असलेलं यंत्र घ्या. ६०० च्या पुढचं यंत्र या कामाला चुकीचं आहे. त्याच्या खालच्या वेगाचा ठोकासुद्धा कपलरला जड जातो आणि दिवसभर वजन हातात राहतं ते वेगळं.

सेटिंग बसवण्याची पद्धत अशी. जमिनीवर एक उभा पाइप पक्का करा. कपलर निवडताना तुमच्या मालातले सगळे प्रकार घ्या: चार नवे, चार जुने साफ केलेले, चार गंजके, त्यात फोर्ज आणि प्रेस्ड दोन्ही येऊ द्या. पाइपही दोन्ही जाडीचे. नट हाताने दोन-तीन आटे चढवा, आडवा पाइप नीट बसलाय बघा, मग सर्वांत खालच्या वेगावर ट्रिगर पूर्ण दाबा. पहिला ठोका ऐकू आल्यापासून वेळ मोजा: अर्धा सेकंद, एक सेकंद, दोन सेकंद. प्रत्येक वेळेचा टॉर्क टॉर्क पान्याने मोजून कागदावर लिहा. अर्ध्या सेकंदाला एक कपलर २० दाखवेल आणि दुसरा ४५, हे त्यात दिसेलच. त्या कागदावरचा सर्वांत मोठा आकडा ४५ च्या खाली राहील असा वेग आणि अशी वेळ ठरवा. उरलेलं हाताने, ५० वर लावलेल्या टॉर्क पान्याने. यंत्राने पळवायचं, हाताने संपवायचं.

मोजण्याबाबत एक गोष्ट बहुतेक ठिकाणी चुकते. क्लिक होणारा पाना ५० वर लावला आणि नट न हलता क्लिक झाला, तर इतकंच कळतं की टॉर्क ५० पेक्षा कमी नाही. तो ५५ आहे की १३० हे तो सांगत नाही. जास्त आवळलेला कपलर पकडायला काट्याचा किंवा आकडा दाखवणारा पाना लागतो. त्याची रीत: नटावर आणि कपलरच्या अंगावर खडूने एक सरळ रेघ ओढा, नट सहाव्या हिश्श्याइतका, म्हणजे एक पैलू सैल करा, मग परत आवळत रेघ जुळेपर्यंत आणा. रेघ जुळली त्या क्षणीचा आकडा वाचा. नुसतं पुढे ढकलून नट सुटतानाचा आकडा घेतला तर तो थोडा जास्त येतो, कारण थांबलेला नट हलवायला जोर जास्त लागतो.

---

खालून_वर

पाना_पन्नास यांची पद्धत बरोबर आहे, पण एका बाबतीत माझं मत वेगळं आहे. प्रत्येक कपलर यंत्राने ४० ला आणून मग हाताने ५० करायचा, हे कागदावर चांगलं दिसतं. प्रत्यक्षात दुसरी फेरी गळते. फिटरच्या हाताला कपलर घट्ट लागला की तो पुढे जातो, आणि मग ३० वर राहिलेले कपलर डोळ्यांनी ओळखता येत नाहीत. अर्धवट आवळलेला कपलर हा जास्त आवळलेल्यापेक्षा आधी घात करतो.

म्हणून दोनपैकी एकच मार्ग धरा आणि साइटवर सगळ्यांना तोच सांगा. एक, यंत्र फक्त नट पळवायला: ठोका सुरू झाला की लगेच ट्रिगर सोडायचा, पुढचं पूर्ण हाताने. असा कपलर हाताला स्पष्ट सैल लागतो, त्यामुळे विसरला तर लगेच सापडतो. दोन, यंत्रानेच ५० च्या आसपास संपवायचं, पण वेग कुलूपबंद, वेळ ठरलेली आणि प्रत्येक लिफ्टमधल्या (परांचीच्या एका थरातल्या) दहापैकी एका कपलरची मोजणी. त्यात एकही ४५ च्या खाली निघाला तर ती अख्खी लिफ्ट पुन्हा. मिसळ माल असेल तर मी पहिलाच मार्ग सांगेन. दुसरा मार्ग एकाच बनावटीच्या, साफ केलेल्या कपलरलाच चालतो.

कोणत्याही मार्गात आवळलेल्या कपलरला खूण करायची. नटावर खडूची एक रेघ, आवळणी पूर्ण झाल्यावरच. रेघ नाही म्हणजे झालेलं नाही.

यंत्राचा खरा फायदा मला उतरवताना दिसतो. गंजका नट ठोक्याने सुटतो, मनगटाला झटका बसत नाही आणि माणसाला पाइपवर लटकून पान्याला जोर द्यावा लागत नाही. इम्पॅक्टची प्रतिक्रिया हाताला फार कमी येते. उंचीवर तोल सांभाळायला ही मोठी गोष्ट आहे, कारण हातपाना अचानक सटकला की माणूस मागे फेकला जातो.

पण उतरवतानाच धोकाही जास्त. हाताने कपलर उघडायला वेळ लागतो, तेवढ्यात जोडीदार पाइप धरतो. यंत्राने तो एका सेकंदात उघडतो. त्यामुळे क्रम पक्का हवा: आधी पाइप दोन्ही टोकांना धरलेला, धरणाऱ्याने तोंडाने ‘धरला’ म्हणायचं, मग ट्रिगर. भिंतीचे टाय (परांची भिंतीला धरणारे) आणि ब्रेसिंग (तिरके पाइप) हे त्या त्या लिफ्टच्या पाळीलाच काढायचे. यंत्र हातात आहे म्हणून वाटेत येईल तो कपलर उघडत जायचं नाही. परांची अशीच वरून जड आणि मधून मोकळी होते.

उलट दिशेला वेळेचं बंधन असलेलं यंत्र मिळालं तर जरूर घ्या. नट सैल झाला की ते आपोआप थांबतं. नट बोल्टवरून पूर्ण काढायचाच नसतो. बऱ्याच कपलरच्या बोल्टचं टोक नट निसटू नये म्हणून ठोकून पसरवलेलं असतं. नट पूर्ण वेगाने त्या टोकावर आदळला की शेवटचे दोन आटे जातात, आणि पुढच्या वेळी तो नट हाताने फिरतच नाही.

---

सॉकेट_आणि_दोर

सॉकेटबद्दल. इम्पॅक्टचं काळं सॉकेटच वापरा, क्रोम-मॉलिब्डेनमचं, जाड भिंतीचं. चकचकीत मुलामा दिलेलं हातपान्याचं सॉकेट ठोक्यांनी तडकतं आणि त्याचे तुकडे उडतात. सहा पैलूंचं हवं, बारा नको. गोलसर झालेल्या नटावर बारा पैलूंचं सॉकेट हमखास सटकतं.

सॉकेट खोल असायलाच हवं. कपलर पाइपवर बसल्यावर टी-बोल्टचं (टी आकाराच्या डोक्याच्या बोल्टचं) टोक नटाच्या बरंच बाहेर येतं. उथळ सॉकेटमध्ये ते टोक आतल्या बुडाला लागतं, नट फक्त अर्ध्या उंचीवर पकडला जातो आणि नटाचे कोपरे खरवडले जातात. सॉकेटच्या आत बुडाला गोल घासल्याची चमक दिसली तर समजा बोल्ट टेकतोय.

तुमच्याकडे २१ आणि २२ दोन्ही नट आहेत, इथे काळजी घ्या. २१ च्या नटावर २२ चं सॉकेट बसतं, फिरवतंही, आणि म्हणूनच घात करतं. एक मिलिमीटरच्या खेळामुळे प्रत्येक ठोका पैलूवर न पडता कोपऱ्यावर पडतो. काही दिवसांत नट गोल होतो आणि मग कोणत्याच पान्याला दाद देत नाही. दोन्ही बाजूंना वेगळं माप असलेलं उलटसुलट सॉकेट मिळतं, ते सोयीचं आहे. त्याहून चांगलं म्हणजे २१ चा माल वेगळा काढून त्याच्या कपलरवर रंगाचा ठिपका द्यायचा आणि त्याच रंगाची पट्टी सॉकेटला. मालात ७/८ इंची नट असेल तर तो २२.२ मिमीचा असतो. त्याच्यावर घट्ट मापाचं २२ चं सॉकेट ठोकून बसवू नका, अडकतं.

लांब एक्स्टेंशन किंवा फिरती मान मध्ये घातली की ठोक्याची ताकद तिथे मुरते. सेटिंग ज्या जोडणीवर ठरवलं त्याच जोडणीवर काम करा.

आता पडण्याचं. दोन किलोचं यंत्र २० मीटरवरून सुटलं तर खाली पोचताना त्याचा वेग ताशी ७० किलोमीटरच्या वर असतो. हेल्मेट त्यासाठी बनलेलं नाही. म्हणून तीन गोष्टी वेगवेगळ्या बांधायच्या: यंत्र, सॉकेट आणि बॅटरी.

यंत्राला बनवणाऱ्याने दिलेल्या जागीच दोर लावा. मुठीला गुंडाळलेली सुतळी किंवा कमरेचा हुक म्हणजे दोर नव्हे. तो हुक यंत्र टांगायला आहे, झटका झेलायला नाही. दोर आखूड, झटका शोषणारा आणि यंत्राच्या वजनाला मान्य असलेला घ्या. हाताच्या मनगटाला बांधू नका. हार्नेसच्या पाठीवरच्या किंवा छातीवरच्या पडणं रोखणाऱ्या कडीला तर अजिबात नाही. जड यंत्र शक्यतो परांचीच्या पक्क्या पाइपला बांधा, माणसाला नाही. सव्वादोन किलोच्या पुढे हा नियमच समजा.

सॉकेट धरायला यंत्राच्या चौकोनावर दोन प्रकार येतात. नुसती घर्षणाची रिंग असते ती झिजली की सॉकेट नटात अडकून राहतं आणि यंत्र मोकळं येतं, किंवा उलट. दुसरा प्रकार आरपार भोकाचा: सॉकेटच्या आडव्या भोकातून पिन घालायची आणि वरून रबरी कडी चढवायची. उंचीवर हाच घ्या. रबरी कडी उन्हाने कडक होते, नखाने दाबून भेग दिसली की बदला.

बॅटरी फळ्या टाकलेल्या मजल्यावरच बदलायची, तोंड बंद होणाऱ्या पिशवीत हात घालून. बसवल्यावर ओढून बघा. ठोक्यांच्या कंपाने खटका झिजतो आणि बॅटरी अर्धवट अडकलेली राहते. बॅटरीला वेगळा दोर लावायची सोय असलेली यंत्रं मिळतात.

हातमोजे अंगाबरोबरचे हवेत. सैल सुती मोजा फिरत्या सॉकेटमध्ये गुंडाळला जातो. कपलर धरणाऱ्या हाताचं बोट झाकण आणि अंगाच्या मधल्या फटीत येणार नाही हे ट्रिगर दाबण्याआधी बघा. हाताने आवळताना चिमटा लागला तर थांबता येतं, यंत्राला थांबवेपर्यंत बोट गेलेलं असतं.

---

लेजर_लेव्हल

सगळ्यांचे मनापासून आभार. खालून_वर यांचा पहिला मार्ग आमच्या मिसळ मालाला लागू पडतो असं दिसतंय. अजून दोन प्रश्न आहेत. काही यंत्रांत आपोआप थांबण्याचा मोड असतो, एका आकड्यावर थांबतं म्हणतात. त्यावर भरवसा ठेवावा का? आणि आटे तेल लावून ठेवतो आम्ही, त्याचा टॉर्कवर काही परिणाम?

---

पाना_पन्नास

आपोआप थांबणारा मोड उपयोगी आहे, पण बहुतेक यंत्रांत तो टॉर्क मोजत नाही. ठोके सुरू झाल्यापासून ठराविक वेळ गेली की मोटर थांबते. माणसाच्या बोटापेक्षा हे कितीतरी सारखं काम करतं, तेवढ्यासाठी तो घ्या. पण नटाला प्रत्यक्षात किती मिळालं हे त्यालाही कळत नाही. नट गंजामुळे अडकला आणि ठोके आधीच सुरू झाले, तर यंत्र ‘झालं’ म्हणून थांबेल आणि झाकण अजून उघडंच असेल. असा कपलर दिसायलाही बंद दिसतो. म्हणून नट हाताने मोकळा फिरतोय हे आधी बघायचंच.

बॅटरीही हिशेबात धरा. बऱ्याच यंत्रांत बॅटरीचा शेवटचा दिवा उरला की ठोके हलके पडायला लागतात. एक दिवा उरला की बॅटरी बदला, संपेपर्यंत वापरू नका. फार थंडीतही ती जोर कमी देते. शून्याखाली लिथियम-आयन बॅटरी चार्ज करू नये.

तेलाचा परिणाम मोठा आहे. कोरड्या आट्यांना गुणांक ०.२ धरला होता, तेल लावल्यावर तो ०.१५ च्या आसपास येतो. म्हणजे त्याच ५० न्यूटन-मीटरला बोल्टमधली ओढ १८ वरून जवळपास २४ किलोन्यूटन होते. हलकं तेल, फडक्याने पुसून घेतलेलं, हेच बरोबर आहे. कोरडा गंजका आटा त्याहून वाईट, कारण तिथे ५० मधले बरेच न्यूटन-मीटर घर्षणातच जातात. फक्त तेल सगळीकडे सारखं हवं, आणि चाचणीचे कपलरही तेच तेल लावलेले हवेत. एक मात्र सांभाळा. तेल कपलरच्या आतल्या गोलाईला किंवा पाइपला लागता कामा नये. कपलर पाइपवर फक्त घर्षणाने उभा असतो. कपलर अख्खाच्या अख्खा तेलाच्या डब्यात बुडवून काढायची सवय असेल तर ती आजच बंद करा. आट्यावर ब्रशने दोन थेंब पुरतात.

---

फिरते_मनगट

हाताच्या कंपनाबद्दल अजून कुणी लिहिलं नाही. इम्पॅक्ट रेंचची कंपनं १० मीटर प्रति सेकंद वर्गाच्या पुढे असणं नेहमीचं आहे. यंत्राच्या पुस्तिकेत आकडा दिलेला असतो. युरोपीय निर्देश २००२/४४/ईसी प्रमाणे आठ तासांच्या दिवसाला २.५ पासून उपाय करायचे आणि ५ ही कमाल मर्यादा. समजा यंत्राचा आकडा १२ आहे. मग २.५ ची पातळी ट्रिगर दाबलेल्या २१ मिनिटांत गाठली जाते आणि ५ ची सुमारे ८३ मिनिटांत. ही वेळ ट्रिगर दाबलेलीच मोजायची, यंत्र नुसतं हातात असलेली नाही.

एका कपलरला तीन सेकंद धरले तर ४०० कपलर म्हणजे २० मिनिटं. एकच माणूस दिवसभर उतरवत असेल तर हा आकडा सहज पार होतो. दोघांनी पाळीने यंत्र घ्यावं. थंडीत बोटं पांढरी पडणं, मुंग्या येणं, सकाळी पाना नीट धरता न येणं ही लक्षणं असतील तर त्या माणसाला यंत्र द्यायचं नाही आणि डॉक्टरांना दाखवायचं. ही इजा झाली की पूर्ण भरून येत नाही. बोथट सॉकेटने कंपन वाढतं, हेही सॉकेट वेळेवर बदलायचं एक कारण.

आवाजही मोठा आहे, पोकळ पाइपमुळे अजून घुमतो. चालवणाऱ्याला आणि पाइप धरणाऱ्याला दोघांनाही कानात बोळे हवेत. त्यामुळे तोंडी ‘धरला’ ऐकू येईल याची खात्री राहत नाही, म्हणून हाताची खूणही ठरवून घ्या.

---

खालून_वर

हाताच्या खुणेचा मुद्दा पक्का, तोंडी इशाऱ्यासोबत तीही हवी.

जास्त आवळलेला माल ओळखायच्या खुणा लिहून ठेवतो, यंत्र आल्यावर माल परत येईल तेव्हा हेच बघायचं. पाइपवर झाकणाच्या कडेने चंद्रकोरीसारखा दाब उमटलेला असतो. नख फिरवलं तर कड लागते. टी-बोल्टची मान मधोमध बारीक झालेली असते, दोन बोल्ट शेजारी धरले की फरक दिसतो. नट बोटाने टोकापर्यंत फिरत नाही, एका ठिकाणी अडतो. तिथला आटा ताणला गेलाय. प्रेस्ड कपलरचं झाकण बिजागरीपाशी उघडं पडलेलं असतं. असा कपलर ठोकून सरळ करायचा नाही, भंगारात टाकायचा.

सगळ्यात फसवी खूण वेगळीच. पूर्ण आवळल्यावर झाकणाचं ओठ आणि कपलरचं अंग यांच्यात फट उरली पाहिजे. ती फट पूर्ण बंद झाली असेल तर लोखंड लोखंडावर टेकलंय आणि पाइप आत सैल आहे. टॉर्क पाना खुशाल ५० दाखवेल, क्लिकही होईल, आणि कपलर पाइपवरून हाताने फिरेल. वाकलेलं झाकण, झिजलेला किंवा कमी व्यासाचा पाइप, यातलं काहीतरी असतं. यंत्राने भराभर आवळताना ही फट कुणी बघत नाही, म्हणून मोजणीच्या फेरीत टॉर्कबरोबर फटही बघायची.

---

लेजर_लेव्हल

फटीचं माहीत नव्हतं, तपासणीच्या कागदात घालतो. शेवटचं विचारतो: पाइपच्या आत बसणारी जॉइंट पिन, गर्डर कपलर (लोखंडी तुळईला पकडणारा) आणि अॅल्युमिनियमचे पाइप यांना यंत्र चालतं का? थोडा रिंगलॉकचा (पाचरीने जोडायच्या परांचीचा) मालही आहे.

---

पाना_पन्नास

जॉइंट पिनला नाही. तिचा बोल्ट पिनचे दोन भाग आतून फाकवतो, तो जास्त फिरला की पाइपचं टोक फुगतं. फुगलेलं टोक दुसऱ्या पिनला बसत नाही आणि त्यावर स्लीव्ह कपलरही (दोन टोकं बाहेरून जोडणारा) चढत नाही. ती हातानेच.

गर्डर कपलर नेहमी जोडीने, गर्डरच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर. टॉर्क बनवणाऱ्याच्या कागदावरचा, ५० गृहीत धरू नका. एक बाजू यंत्राने पूर्ण आवळली तर कपलर तिरका बसतो आणि दुसरी बाजू गर्डरच्या कडेवर अर्धीच टेकते. दोन्ही बाजू हाताने थोड्या थोड्या आळीपाळीने आवळायच्या.

अॅल्युमिनियमचा पाइप बाहेरून तोच ४८.३ असतो, म्हणून कपलर बसतात, पण धातू मऊ आहे. झाकणाच्या कडेचा दाब लवकर उमटतो आणि तिथूनच पाइप वाकतो. नट पळवायलाही यंत्र नको, टॉर्क पाना घ्या.

रिंगलॉकच्या पाचरीला नटच नाही. तिथे ५०० ग्रॅमची हातोडी, पाचर खाली जायची थांबून हातोडी उसळेपर्यंत. भिंतीच्या टायचे प्रसरण अँकर असतील तर तेही यंत्राने आवळू नका. भोकातला अँकर ठोक्यांनी फिरतो किंवा काँक्रीटचा शंकू सुटतो, आणि वरून नट घट्टच लागतो. अँकरला त्याच्या कागदावरचा टॉर्क, टॉर्क पान्याने, आणि नंतर ओढून चाचणी.